हीट कुठली, ते आधी सांगा

ट्रॉय, मिशिगन
दि. २२ जून

ती. नाना व ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोन रोज होतो, व्हिडिओवर गोठ्यातली तांबडीसुद्धा दर्शन देते, मग पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण मागच्या आठवड्यात फोनवर जो गोंधळ झाला तो फोनवरच निस्तरायला गेलं तर वाढत जाईल, म्हणून कागद घेतलाय.

आई, सोमवारी मी म्हणालो, "आज पंच्याण्णव आहे." तू म्हणालीस, "अगं बाई, अंग गार पडलं की! तळपायाला सुंठ चोळा." मंगळवारी म्हणालो, "आज एकशे एक." तर तू कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितल्यास आणि दादाला सिद्धेश्वराकडे नारळ घेऊन धाडलंस. आई, आजारी कोणी नाही. मी हवेबद्दल बोलत होतो.

इथे ऊनसुद्धा फॅरनहाइटात मोजतात. इथले पंच्याण्णव म्हणजे आपले पस्तीस. खेडला मे महिन्यात ज्या दिवशी नाना ओसरीवर बसून "आज जरा बरं वाटतंय" म्हणतात, तो दिवस. फॅरनहाइटने आपली मोजपट्टी १७२४ साली मांडली, सेल्सिअसने १७४२ साली. आपल्या लोकांनी दोघांपैकी कुणालाच दुखावलं नाही. तापाचं खातं एकाला दिलं आणि उन्हाचं दुसऱ्याला. अमेरिकेने दोन्ही खाती एकाच माणसाकडे ठेवली आणि सिद्धेश्वराला एक नारळ जास्तीचा मिळाला. नारळ परत मागू नये. पुढच्या तापाला चालेल.

पण खरा घोळ फॅरनहाइटचा नाहीच. तो आहे 'हीट' या शब्दाचा. मी घरून निघालो तेव्हा माझ्या समजुतीप्रमाणे या शब्दाचे तीन अर्थ घेऊन निघालो होतो, आणि तीन म्हणजे पुष्कळ झाले असं मला वाटत होतं. पहिला आईचा. पोराने चार आंबे जास्त खाल्ले, तोंड आलं, डोळे चुरचुरले, की "हीट झालीय, सब्जा भिजव." दुसरा नानांचा. तांबडी रात्रभर हंबरली की पहाटे गोठ्यातून आवाज यायचा, "गाय हीटला आलीय, डॉक्टरला फोन लाव." माजावर येणं हा आपला इतका ठसठशीत शब्द असताना नाना हीट म्हणतात, कारण जनावरांचा डॉक्टर म्हणतो. आणि तिसरा माझा. अकरा वर्षं चाकणला हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये काढली, तेव्हा तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, "धाकटा हीटमध्ये आहे." एकदा तुमच्या एका मित्राने हे गोठ्यात उभं राहून ऐकलं आणि तो माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत राहिला होता, ते मी विसरलेलो नाही.

तर हे तीन अर्थ घेऊन मी जानेवारीत इथे उतरलो. बाहेर उणे बारा. तेही सेल्सिअस, म्हणजे मोजायला कुठलीही पट्टी घ्या, नाक गळायचंच. भाड्याचं घर बघायला गेलो तर करारात लिहिलेलं, भाड्यात पाणी आणि हीट धरलेली आहे. पाण्याचं समजलं. हीट घरमालक कशी देणार, हे कळेना. आपल्याकडे ऊन कुणी भाड्याने दिल्याचं ऐकलं नाही. दिलं असतं तर खेडचे निम्मे लोक एप्रिल-मेमध्येच सावकार झाले असते. मग त्याने तळघरात नेऊन गॅसची भट्टी दाखवली. त्या भट्टीची गरम हवा घरभर खेळते, आणि तिला इथे नुसतं 'हीट' म्हणतात. ऑक्टोबर ते एप्रिल माणसं एकमेकांना भेटल्यावर पोराबाळांची चौकशी करतात, तशी हीटची करतात. "तुमची हीट चालू झाली का?" पहिल्यांदा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं तेव्हा मला तांबडी आठवली. मी काही बोललो नाही.

कंपनीतलं मात्र तुम्हाला सविस्तर सांगतो. नाना, तुम्हाला माहीत आहे, आमच्या धंद्यात हीट म्हणजे नुसती उष्णता नव्हे. आईला समजेल असं सांगायचं तर ती जसा भज्यांचा एक घाणा काढते, तसा पोलादाच्या भट्टीतून एका वेळी ओतलेला घाणा म्हणजे एक हीट. प्रत्येक हीटला नंबर असतो. एखादा गिअर तुटला तर पहिला प्रश्न, हीट नंबर काय? त्या नंबरावरून त्या घाण्यात कार्बन किती, मँगनीज किती, सगळी कुंडली निघते. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात दोन घाण्यांचा माल एकमेकांत मिसळला तर "हीट मिक्स झाली" म्हणतात, आणि ज्याच्या पाळीत मिक्स झाली त्याची साडेसाती चालू होते. इतकं हे गंभीर प्रकरण.

तर इथे नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात साहेब मीटिंगला आले, खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "गिऱ्हाइकाकडून आपल्याला फार हीट येतेय." मी ताबडतोब वही काढली आणि विचारलं, "हीट नंबर काय?" कुणी बोलेना. मला वाटलं, नंबर हरवला असणार, म्हणूनच सगळे खाली बघतायत. मी धीर देत म्हणालो, "नंबर नसला तरी चालेल, नमुना कापून तपासता येईल." साहेब म्हणाले, "गिऱ्हाईक कापून?" मग हशा पिकला. इथे हीट येणं म्हणजे वरून दट्ट्या येणं, शिव्या बसणं. आपण साहेब तापलाय म्हणतो, तेच. फरक एवढाच की आपल्याकडे तापलेला साहेबच असतो आणि आपण गार उभे असतो, इथे साहेबाची उष्णता थेट तुमच्या अंगावर येते आणि तिला तुमच्या नावावर जमा करतात. त्या दिवसापासून कंपनीत काहीही बिनसलं की कुणीतरी मागून विचारतं, "हीट नंबर काय?" माझं नाव त्यांना नीट घेता येत नाही, हा नंबर मात्र पाठ झाला.

नावावरून आठवलं. साहेबांनी विचारलं, हे काम शिकलास कुठे? म्हटलं, काम चाकणला, घर राजगुरुनगरला. ते राज म्हणाले आणि पुढे अडकले. शेजारचा आपला पुणेकर पोरगा मला म्हणाला, सरळ खेड सांग ना. आपण तोंडाने खेडच म्हणतो हे खरं, पण परक्या माणसाला मी खेड सांगत नाही. आपल्या वाड्याजवळच्या भीमेच्या काठी जन्मलेला माणूस २३ मार्च १९३१ ला लाहोरच्या तुरुंगात बाविसाव्या वर्षी फासावर गेला, त्याचं नाव घ्यायला कुणाला दोनदा जीभ वळवावी लागली तर लागू दे. साहेबांना आता जमतं. गुरुच्या 'गु'वर फार जोर देतात, एवढंच.

आता जे सांगतोय ते आईने मनावर घेऊ नये. मागच्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत एकजण दुसऱ्याबद्दल कुजबुजला, "तो रोज हीट पॅक करून आणतो." मला वाटलं, चला, कुणीतरी घरचं गरम खाणारा भेटला. मी डबा उचलून म्हणालो, "मीपण आणतो. रोज. बायको भरून देते." दोघांनी खुर्च्या मागे सरकवल्या. एकाने हळूच विचारलं, "इथे? ऑफिसात?" मी म्हणालो, "मग काय, पोरीलाही शाळेत देतो." नाना, पॅकिंग हीट म्हणजे अंगावर पिस्तूल बाळगणं. झाकण उघडून भरलं वांगं दाखवलं तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. वांगं दोघांनी खाल्लं. खाल्ल्यावर एकजण घाम पुसत म्हणाला, की यात खरंच हीट आहे. म्हणजे आणखी एक अर्थ.

हा तिखटाचा. इंग्रजीत मिरचीही गरमच आणि चहाही गरमच. गार झालेला ठेचा गरम आहे म्हणायचं, म्हणजे आपल्या बुद्धीला चटका बसतो. मी याची बरीच चेष्टा करायचो. पण मग कळलं की मिरचीची ही हीट मोजायची रीत निघाली ती आमच्या शेजारच्या डेट्रॉइटमध्येच. १९१२ साली. पार्क-डेव्हिस या औषधांच्या कंपनीत विल्बर स्कोव्हिल नावाचे औषधशास्त्रज्ञ होते. अंग दुखल्यावर चोळायच्या मलमात मिरचीचा अर्क घालत, आणि प्रत्येक मिरचीचा जोर वेगळा, म्हणून मोजमाप हवं होतं. त्यांनी मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं आणि चाखणाऱ्यांना द्यायचं, अशी युक्ती काढली. जीभ भाजायची थांबेपर्यंत जितक्या पट पाणी लागेल तितकी त्या मिरचीची हीट. भोपळी मिरची शून्य. इथली हालापेन्यो अडीच ते आठ हजार. या आकड्यांना आजही स्कोव्हिल हीट युनिटच म्हणतात. आपल्या वहिनीची मिरचीची भाजी कुणी मोजली असती तर साखर कारखान्याची उधारी झाली असती.

बरं, इंग्रज इथे अगदीच चुकलेले नाहीत, हे कबूल करायला हवं. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाला जो कोयंडा उघडला की भाजल्याची वर्दी मेंदूकडे जाते, तोच कोयंडा मिरचीनेही उघडतो. साधारण ४३ अंशांच्या पुढची उष्णता असो की मिरची, मेंदूला निरोप एकच जातो. हे शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचं नोबेल मिळालं, आर्देम पातापूतियान यांच्या बरोबरीने. म्हणजे मेंदूच्या मते ठेचा गरम आहे. आपण मराठी माणसांनी मात्र मेंदूचं न ऐकता तिखट असा वेगळा शब्द ठेवला, आणि माझ्या मते आपलंच बरोबर आहे. मेंदूला काय, त्याला भाकरी खायची नसते.

आता तुमच्या नातीची गोष्ट. मे अखेरीस शाळेतून निरोप आला की शर्यतीत तिची दुसरी हीट आहे, सकाळी दहाला. तुमच्या सुनेने वाचलं आणि घाबरली. पोरीला एकदा हीट झालीच आहे आणि आता दुसरी होणार, असं शाळा आधीच लेखी कळवतेय, हा काय प्रकार? तिने रात्री सब्जा भिजवला, सकाळी कोकम सरबताची बाटली भरली आणि ऊन लागू नये म्हणून पोरीच्या खिशात कांदा घातला. कांदा चाकणचा नव्हता, पण हेतू चाकणचाच होता. मैदानावर गेलो तर गार वारं सुटलेलं, बायका स्वेटर घालून बसलेल्या. मग कळलं, एका वेळी आठ पोरं पळतात, ती एक हीट. सगळ्या हीटमधून चांगली पोरं निवडून अखेरची शर्यत. पूर्वी घोड्यांच्या शर्यतीत एकेका दौडीला हीट म्हणत, तिथून हे आलंय. नाना, तुम्हाला एका शब्दात सांगतो: बारी. आपल्या घाटात बैलगाड्याची बारी सुटते ना, ती इथली हीट. फरक इतकाच, की आपला गाडा एकटा घड्याळाशी पळतो आणि इथे आठजण एकमेकांशी. मी हे बायकोला समजावलं तेव्हा ती म्हणाली, मग आधी सांगायचं ना, भंडारा आणला असता.

पोरगी पळाली. चांगली पळाली. शेवटी भोंग्यावरून कुणीतरी ओरडलं, "डेड हीट!" डेड म्हणजे मेलेला, एवढं तुमच्या सुनेला येतं. ती कोकमाची बाटली घेऊन दोरी ओलांडून थेट मैदानात. मागून मी, माझ्यामागून एक शिपाई. डेड हीट म्हणजे दोघांनी अगदी एकाच क्षणी फीत गाठणं. आपली पोरगी आणि एक कोरियन मुलगी बरोबरीत आल्या होत्या. सुनेने दोघींनाही कोकम पाजलं. त्या कोरियन मुलीच्या आईने खिशातून पडलेला कांदा उचलून परत दिला आणि कशासाठी म्हणून विचारलं. आमच्या सौ. म्हणाल्या, "फॉर हीट." त्या बाईंनी मान डोलावली. बहुधा त्यांना वाटलं असेल, की प्रत्येक बारीला एक कांदा द्यायची आमच्यात पद्धत आहे.

आणि हे सगळं कळून चुकल्यावरही मागच्या पंधरवड्यात आम्ही पुन्हा फसलो. बारक्याचं तोंड आलं. गालाच्या आत दोन फोड, जेवेना. त्याने दोन दिवसांत पेटीतले पाच आंबे संपवले होते, तेव्हा कारण उघड होतं. सौ.नी दवाखान्यात फोन लावला आणि नर्सला सांगितलं, "मुलाला हीट झालीय." नर्सने विचारलं, ताप किती? ताप नाही. उन्हात होता का? नाही, घरातच होता. मग नर्स म्हणाली, "म्हणजे घरातली हीट बंद पडलीय का?" सौ. म्हणाल्या, घरातली नाही, पोटातली. त्यावर पलीकडे बराच वेळ शांतता, आणि मग तिने अत्यंत मायेने घरमालकाशी कसं बोलावं हे समजावून सांगितलं. शेवटी आम्ही गुलकंद दिला. फोड गेले. आता ते गुलकंदाने गेले की आपोआप गेले, हा वाद इथे घालत नाही, आई वाचतेय.

त्या रात्री मला झोप आली नाही. विचार करत बसलो, की आईची हीट इंग्रजीत कशी सांगायची? ताप नाही, उष्माघात नाही, अंगावर हात ठेवला तर गार लागतो, आणि तरी हीट झालीय. अख्ख्या इंग्रजीत हा अर्थ नाही. आंब्याने होते, वांग्याने वाढते, जागरणाने होते, सब्जाने उतरते. म्हणजे शब्द त्यांचा घेतला आणि त्यात माल आपला भरला. वर त्याला स्त्रीलिंगी करून टाकलं, उष्णतेची धाकटी बहीण असल्यासारखं. हीट झाली, हीट मिक्स झाली, गाय हीटला आली. इंग्रज बिचारा हीटला ना बाई म्हणतो ना बुवा.

आणि पोरीला मराठी शिकवायला बसलो तेव्हा उलटी पंचाईत. तिला सगळं एकाच शब्दात हवं. मी म्हटलं, चुलीजवळ बसलीस तर लागते ती धग. लांबून वाऱ्याबरोबर येते ती झळ. तव्याला बोट लागलं तर चटका. गोधडीत असते ती ऊब. ढग दाटून पाऊस पडत नाही तेव्हा होतो तो उकाडा, आणि भर दुपारी पत्र्याच्या घरात होते ती काहिली. भाताला असते ती वाफ. अंघोळीला हवं ते कढत, बाळाला हवं ते कोमट. आणि दूध उतू जाऊ नये म्हणून कमी करायची असते ती आच. तिने सगळं वहीत उतरवलं आणि विचारलं, "बाबा, मग गरम कुठे वापरायचं?" मला पटकन सुचेना. म्हटलं, बाजाराला. बाजार गरम असतो. आणि खिसा.

एक गोष्ट मात्र तिला सांगताना मलाच नवी कळली. आपल्या आळीतला लोहार आठवतो ना, नाना? कोयता लाल करायचा, ऐरणीवर ठोकायचा, मग पाण्यात बुडवायचा, चर्रर्र आवाज यायचा, आणि म्हणायचा, "पाणी दिलं." मी आयुष्यभर जे करतोय ते तेच. गिअर सव्वानऊशे अंशांवर तापवायचा, कार्बन मुरवायचा, मग तेलात विझवायचा. इंग्रजीत या सगळ्याला आगीचं नाव, हीट ट्रीटमेंट. आपल्या लोहाराने त्याच कामाला पाण्याचं नाव दिलं. तो तापवत होता आमच्याइतकाच, पण नाव मात्र शेवटच्या गार क्षणाचं ठेवलं. पाणीदार तलवार म्हणतो ती त्यावरूनच. साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, खिडकीबाहेर बघ, या देशात सहा महिने बर्फ असतो, इथे कोण पाण्याचं कौतुक करेल? तेही खरंच म्हणायचं.

इथे एक म्हण अध्यक्ष ट्रूमन यांच्या नावाने सांगतात, की ज्याला हीट सोसत नाही त्याने स्वयंपाकघरातून बाहेर पडावं. ही म्हण पुरुषाचीच असणार. आई चाळीस वर्षं चुलीपुढे बसली, तिला बाहेर पडायचं का म्हणून आपल्यापैकी कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. तेव्हा नाना, मी गेल्या महिन्यात पाठवलेल्या पैशांतून स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा बसवून घ्या. गोठ्यातला बसला की मग बघू, असं म्हणू नका. तांबडीला हवा आहे, आईला नाही.

बाकी सर्व ठीक. बारक्याचं तोंड बरं आहे. पोरगी अखेरच्या शर्यतीत चौथी आली. दादाला व वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा

ता. क. आई, मावशीचा मुलगा ऑगस्टमध्ये येतोय, त्याच्याबरोबर तू सब्जा आणि कोकम पाठवणारच, इथे दुकानात मिळतं म्हटलं तरी ऐकणार नाहीस. पाठव. बी असल्याने विमानतळावर त्याला कस्टमला सांगावं लागेल, ते तो सांगेल. फक्त एक कर. मागच्या वेळी दादाने पिशवीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'फॉर हीट' असं लिहिलं होतं, तसं या वेळी लिहू देऊ नकोस. नुसतं 'सब्जा' लिहा.